दर पाचव्या बैठकीला निळा पडदा

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑगस्टनंतर एक ओळ नाही. वहीची माफी कशी मागतात ते ठाऊक नाही, पण मागते. कारणं लिहायला बसले तर सहा पानं भरतील आणि त्यातल्या निम्म्या सबबी निघतील. आज आलेय तीही स्वार्थाने. कुणाशी तरी बोलायला हवंय, आणि घरात जिच्याशी बोलते तिच्यासमोर धीराचं तोंड करून बसायचंय.

संगणक दगा देतोय. आई टाइप करत असते, एकदम पडदा निळा होतो, पांढऱ्या अक्षरांत काहीतरी दिलगिरी उमटते, आणि यंत्र आपलं आपणच पुन्हा सुरू होतं. मधलं लिहिलेलं गेलेलं असतं. तेरा दिवसांत सहा वेळा! आज संध्याकाळी तर माझ्या डोळ्यांदेखत. आईने हेडफोन उतरवला आणि म्हणाली, "आले बघ निळे काका. न सांगता येतात आणि चहासुद्धा न घेता जातात."

मी हसले. मग तिने टेबलावरचं पत्र माझ्याकडे सरकवलं आणि माझं हसू गेलं.

तोंडी परीक्षा २६ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता. घरूनच, संगणकावर, समोर तीन परीक्षक. खाली बारीक अक्षरांत नियम — संपर्क तुटला आणि दहा मिनिटांत जोडला गेला नाही, तर परीक्षा पुढच्या सत्रात. पुढचं सत्र म्हणजे सहा महिने. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. एका डोळ्याने जेमतेम दिसतं, दुसरा डॉक्टरांच्या भाषेत 'सध्या ठीक'.

"पुढचं सत्र मला परवडायचं नाही," एवढंच म्हणाली. तक्रार म्हणून नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. सत्तराव्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं. आता प्रबंध — एक्सचेंजमधल्या बायकांच्या कामावर. जुन्या अकरा मैत्रिणींना शोधून काढलं, त्यांच्या घरी जाऊन बोलणं रेकॉर्ड केलं, आणि सगळं स्वतः टाइप केलं. पडद्यावर अक्षरं जांभळाएवढी मोठी करून. फोनवर किंवा दुसऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिला हे जमणार नाही.

मला तिचा अभिमान वाटतो हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन. परदेशातून सगळंच सोपं दिसतं. "अगं, टाक ते भंगारात! नवा पाठवतो, चार दिवसांत दारात."

आईने माझ्या हातून फोन घेतला. "परीक्षेच्या तोंडावर घरात नवी सून आणू नकोस रे. जुनी भांडते, पण कुठल्या डब्यात काय आहे ते तिला माहीत आहे."

दादा म्हणाला, "मग करणार कोण दुरुस्त?"

"ही करेल की."

ही म्हणजे मी! सत्तेचाळीस वर्षांची, कॉलेजची ग्रंथपाल. आजवर घरात फक्त बल्ब बदललेत, तेही जपून. दादा मोठ्याने हसला. त्या हसण्यावर मी 'हो, करेन' म्हणून मोकळी झाले. आता वाटतंय — हो म्हटलं ते आईसाठी, की दादाला दाखवायला? अर्धं-अर्धं असावं. जरा दादाकडेच झुकतंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पुन्हा. मी लायब्ररीत. आईचा फोन — "पाहुणे येऊन गेले." बस्स.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. संगणकाचा खोका उघडला. जणू कुणाचं पोट उघडतेय. आत धुळीची गोधडी! पंख्याच्या पात्यांवर तर लोकरच. मऊ ब्रशने तासभर साफ केलं. आई शेजारी खुर्ची टाकून. "एक्सचेंजमध्ये बोर्डाला फुंकर मारायला माणूस यायचा. त्याला आम्ही फुंकरनाथ म्हणायचो."

एक गोष्ट ठरवली. एका वेळी एकच बदल. आज धूळ काढली, म्हणजे आज दुसरं काही करायचं नाही. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही, आणि गुण नाही आला तर काय काय बाद झालं तेही कळणार नाही.

नोंदीसाठी कार्डं केली. लायब्ररीची सूची संगणकावर गेली तेव्हा जुन्या सूचीतली कोरी कार्डं रद्दीत निघाली होती, मी दोन गठ्ठे घरी आणले होते. संगणकाने घालवलेली कार्डं आता संगणकाच्याच सेवेला! एका निळ्या पडद्याला एक कार्ड. तारीख, वेळ, हवामान, आई काय करत होती, पडद्यावर काय शब्द होते. आधीच्या सहाची माहिती आईच्या कॅलेंडरवरून भरली — तिने प्रत्येक वेळी तारखेवर निळ्या पेनने फुली मारून वेळ आणि पडद्यावरचे शब्द लिहून ठेवले होते. माझ्यात हा किडा कुठून आला ते आज कळलं.

८ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी साडेपाच. कार्ड क्रमांक आठ. धूळ निर्दोष सुटली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हरले म्हणावं का? आज दुकानातला मेकॅनिक बोलावला. कपाळावर एक चष्मा, नाकावर एक. त्याने चार बटणं दाबली, मान हलवली आणि म्हणाला, "किती दिवस रेटणार मॅडम? म्हातारं झालंय. आता अधूनमधून असं व्हायचंच."

आई आतून — "कोण?"

बिचारा लाल झाला. "संगणक हो, आजी."

"आजी नाही. विद्यार्थिनी."

त्याला सगळं पुसून नव्याने भरायचं होतं. मी नाही म्हटलं. पुसून बरं झालं तर कशाने झालं ते कळणार नाही — आणि मुळात आईचं काम आहे त्यात! मग त्याने सगळे ड्रायव्हर नवे केले. यंत्राच्या एकेका भागाशी बोलणारे ते दुभाषे असतात म्हणे, म्हातारे झाले की चुकीचं सांगतात. पटलं. जाताना म्हणाला, "आता एकदम ओके."

कार्ड लिहिलं — 'बदल: दुभाषे.' मनात धाकधूक. ओके व्हावं असं वाटतंय, आणि त्याच्या हातून होऊ नये असंही वाटतंय. किती क्षुद्र आहे मी!

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सव्वादहा. कार्ड क्रमांक नऊ. एकदम ओके!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घरात पाऊल टाकलं तेव्हा आई निळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसलेली. सहाव्या प्रकरणावर परीक्षेसाठी लिहिलेलं दीड पान गेलं. ओरडली नाही, रडली नाही. "पहिल्यापेक्षा बरं लिहीन आता," म्हणाली. पण पाठ वाकलेली दिसली. ती मला सोसवत नाही.

भीतीपोटी लगेच सगळं काम वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. प्रबंध, अकरा मुलाखती. उतरलंय की नाही बघायला म्हणून एक मुलाखत मधूनच लावली. सातव्या क्रमांकाची. (आईने कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. एक ते अकरा, एवढंच.)

पाच सेकंद ऐकून बंद करायची होती. केली नाही.

एक म्हातारी बाई सांगत होती. ड्यूटीवर असताना तिच्या कानावर एका डॉक्टरचं बोलणं पडलं. एका घरातल्या कर्त्या माणसाचं दुखणं शेवटचं होतं आणि त्याच्या बायकोला ते कळू द्यायचं नाही असं ठरत होतं. हिने दुसऱ्या दिवशी त्या बायकोला फोन करून सांगून टाकलं. नियमाने नोकरी गेली असती. कुणाला कळलं नाही. मग ती म्हणाली, "आणि बघ ना, त्याच घरची मुलगी पुढे माझी सून झाली. तिला यातलं काही माहीत नाही. तू लिही, पण माझा आवाज तुझ्याशिवाय कुणाच्या कानात जायला नको."

आणि तो माझ्या कानात गेला होता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर यंत्राची स्मृती तपासली. सकाळी सातला तपासणी लावली, ती संध्याकाळी पाचला संपली. तोवर संगणकाला कुणी हात लावायचा नाही, आईनेसुद्धा. दहा तास, शून्य दोष. स्मृतीही निर्दोष सुटली! आता कोर्टात आरोपीच उरला नाही.

दुपारी न राहवून आईला सात नंबरचं सांगितलं. चुकून म्हणाले, मग स्वतःलाच दुरुस्त केलं — सुरुवात चुकून, शेवट मुद्दाम. रागावेल असं वाटलं होतं. ती मटार सोलत होती. सोलतच राहिली.

"ऐकलंस? मग विसर."

"असं कसं विसरता येईल, आई?"

"आम्ही रोज दोनशे ऐकायचो आणि दोनशे विसरायचो. कानावर पडणं हातात नसतं. तोंडावाटे काढणं असतं."

थोड्या वेळाने म्हणाली, "तिला मी शब्द दिलाय. तो आता तुझ्याही अंगावर आला. मोजून घे."

इथे वर लिहिलं तेही खरं तर नको होतं. पान फाडावं का? शेवटी नाव नाही, गाव नाही, म्हणून ठेवलं. पण वही आता कुलपात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी साडेनऊला क्रमांक अकरा. नऊ दिवस उरले. मेकॅनिकला पुन्हा बोलवावं का, दादाला हो म्हणावं का — लायब्ररीत दिवसभर हाच घोळ. एका मुलाने मागितलं रसायनशास्त्र, मी दिलं बागकाम.

घरी आल्यावर अकराही कार्डं जमिनीवर मांडली. पडद्यावरचे शब्द दर वेळी वेगळे — कधी स्मृती, कधी ड्रायव्हर, कधी नुसते आकडे. हवामान वेगळं, काम वेगळं. मग शब्द झाकून फक्त वेळा बघितल्या. सकाळ, संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ... एकाआड एक! आणि मध्ये बरोबर अडीच-अडीच दिवस! फक्त शेवटचं अंतर साडेतीन. ते का? तर मध्ये चौदा तारीख होती, तेव्हा यंत्र तपासणीला लावलं होतं आणि आई बसलीच नव्हती.

म्हणजे हे दिवस मोजत नाही. आईच्या बैठका मोजतं! ती दिवसातून दोनदा बसते — सकाळी नऊला, आणि दुपारी झोपून उठल्यावर चारला. दर पाचव्या बैठकीला निळा पडदा. अकरा कार्डं, एकही अपवाद नाही.

यंत्राच्या आत दर पाचव्या वेळी काही घडायची सोय आहे का, ते शोधलं. नाही. मग बाहेर कुणीतरी पाळीपाळीने काहीतरी करतंय. बाहेर कोण? घरात आम्ही दोघीच.

पुढची पाचवी बैठक गुरुवारी दुपारी चार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अर्धी रजा मागितली. कारण सांगितलं — घरचं काम. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! सापडली! दोन्ही!

पावणेचारला घरात शिरले, चपला हातात घेऊन. स्वतःच्या आईवर पाळत ठेवणारी मुलगी. लाज वाटत होती, पण पाय पुढेच जात होते. आई झोपून उठली, तोंड धुतलं, संगणकाच्या खोलीत गेली. दारातून बघितलं तर टेबलाखाली वाकलेली. हेडफोनची यूएसबी पिन खोक्याच्या मागच्या भोकातून उपटली, पदराने पुसली, आणि पुढच्या डावीकडच्या भोकात खुपसली. तेही दोन बोटांनी आणि अंगठ्याने असा हलका झटका देऊन की बघत राहावं.

"आई!"

डोकं टेबलाला आपटलं तिचं. (टेंगूळ आलंय. बर्फ लावला.)

"हे रोज करतेस?"

"बसायच्या आधी. का? बिघडलं काय त्यात?"

मग कळलं. एकाच भोकात रोज पिन घातली की ते भोक सैल पडतं, म्हणून एक्सचेंजमध्ये दोऱ्या आळीपाळीने लावायची शिस्त होती. ज्याला ती 'कान' म्हणते तो हेडफोन ती तीन वर्षं दर बैठकीला एक भोक सोडून त्याच्या शेजारच्या भोकात सरकवतेय. पुढे दोन, मागे तीन. एकूण पाच!

मी ओरडले. लिहायलाच हवं — फार वाईट ओरडले. "मी इथे एका वेळी एकच बदल म्हणून जिवाचं रान करतेय आणि तू दिवसातून दोनदा बदल करतेस! सांगायचंस तरी!"

"तू विचारलंस का? कार्डावर वेळ, तारीख, हवामान — सगळं विचारलंस. पिन कुठे, हे विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मशीनला विचारलं, मेकॅनिकला विचारलं. चौतीस वर्षं पिना लावलेल्या बाईला नाही विचारलं. मुलगी म्हणून आणि सूचीकार म्हणून, दोन्ही अंगांनी नापास.

मग चहा. मग आई म्हणाली, "आण ती कार्डं."

मी तारीख वाचायची, तिने डोळे मिटून सांगायचं. "बावीस जानेवारी, सकाळ?" — "पुढे डावीकडे." "चोवीस, संध्याकाळ?" — "पुढे डावीकडे." मी मुद्दाम मधली, काही न घडलेली तारीख घातली. "पाच फेब्रुवारी, सकाळ?" — "मागे, मधलं. मला काय परीक्षेला बसवतेस?" अकराच्या अकरा वेळा पुढे डावीकडे!

टॉर्च लावून बघितलं. त्या भोकातली धातूची जीभ वाकून बाजूच्या पत्र्याला जवळजवळ टेकली आहे.

आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो. आईला उठवायला मग दोन्ही हात द्यावे लागले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जवळजवळ म्हणजे टेकलेली नव्हे. काल आनंदात काय वाटेल ते वाटलं, आज पुरावा हवा. संध्याकाळी कान पुढे डावीकडे लावला आणि स्वतः बसले. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं — काही नाही! म्हणजे अकरा योगायोग?

आई मागून बघत होती. "तू पुतळ्यासारखी बसलीस. मी अशी बसते का?"

खरंच की! ती दर वाक्याला उजवीकडे झुकून टिपणवहीत बघते, तेव्हा हेडफोनची दोरी ताणली जाते. मी झुकले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा — निळा! आयुष्यात निळा रंग इतका सुंदर कधी दिसला नव्हता. पुन्हा केलं — पुन्हा निळा. मग कान मागे लावून तसंच तीसदा झुकले. काही नाही. मान दुखतेय.

त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि आईने वर जाड अक्षरांत लिहिलं, 'लाइन बंद'.

दादाला कळवलं. फक्त तीन शब्द — मी केलं दुरुस्त. आईने ते वाचलं आणि 'मी' खोडून 'आम्ही' करायला लावलं. बरोबर आहे. लाज वाटली, पण मग गंमतही वाटली.

२२ फेब्रुवारी, रविवार

कॅमेरा पडद्यावर बसवला. काल चार तास, आज पाच तास सलग रंगीत तालीम. मी परीक्षक. आईला खवचट प्रश्न विचारायचे.

"तुमच्या प्रबंधात नवीन काय?"

"नवीन काहीच नाही, सर. सगळं जुनं आहे. फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं."

परीक्षक म्हणून मी पुढचा खवचट प्रश्न खोडून टाकला.

एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती न लिहिता झोप यायची नाही. जीभ वाकली कशाने? जानेवारीत लायब्ररीचं काम घरी आणलं होतं. घाईत पेनड्राइव्ह पुढच्या भोकात उलटा दाबला होता. जात नव्हता, तरी दाबला. डावीकडे की उजवीकडे, आठवत नाही. पण तारीख वीस किंवा एकवीस. पहिला निळा पडदा बावीसचा. बहुतेक मीच! जेवताना आईला सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हाच म्हटलं होतं, हळू. तू ऐकलं नाहीस."

२५ फेब्रुवारी, बुधवार

नऊ तारखेपासून— नाही, खोडते. एकोणीसपासून एकही कार्ड नाही, माझी मुद्दाम आणलेली दोन सोडून. आईने उद्यासाठी कपडे काढून ठेवलेत. मीच दोनदा चष्मा हरवला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा वाजून पाच. स्वयंपाकघरात बसून लिहितेय. खोलीत परीक्षार्थीशिवाय कुणी नको असा नियम आहे. दार बंद. आतून आईचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. टेलिफोनवरचा तिचा जुना आवाज लावलाय, सरळ आणि स्वच्छ. लहानपणी एक्सचेंजला फोन लावून मी तोच ऐकायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची.

अकरा वीस. चालू.

अकरा पस्तीस. चालू! आत कुणीतरी पुरुष हसला. चांगलं की वाईट?

अकरा बावन्न. दार उघडलं.

आता दुपार आहे. आई बाहेर आली, तोंडावर पाणी मारलं, चहा मागितला. "कसं झालं?" — "झालं." "काय विचारलं?" — "बरंच." तास दिला होता, आठ मिनिटं आधीच मोकळी झाली, म्हणजे बरंच गेलं म्हणायचं. दमलीय. चहा अर्धा टाकून आडवी झाली. विचारलं नाही पुढे.

आत जाऊन यंत्र बघितलं. शांतपणे चालू. आतल्या नोंदी उघडल्या, सकाळपासूनच्या एकेक वाचल्या. एक दोष नाही! सुरू केल्यापासून शेवटपर्यंत अखंड. ज्याला दुकानवाला म्हातारं म्हणाला, दादा भंगार म्हणाला, तो माझ्या आईच्या मागे बावन्न मिनिटं ताठ उभा राहिला. आणि तो मी उभा केला. आम्ही. आज अभिमान वाटायला मी कुणाची परवानगी मागणार नाही, स्वतःचीसुद्धा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईच्या एम.ए.च्या विभागातल्या क्लार्कबाईंचा फोन, लायब्ररीत. काल अकरा बावन्नला आईचा संपर्क तुटला, म्हणाल्या. परीक्षक सातव्या मुलाखतीचं मूळ रेकॉर्डिंग वाजवून दाखवा म्हणत होते, खरी आहे ना ते बघायला, आणि नेमका तेव्हाच पडदा गेला. "बिघाड असणार, घरच्या संगणकांचं असंच असतं. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, आठवड्यात पुन्हा घेऊ. नाहीतर पुढचं सत्र. तेही सर मान्य करतील तर."

घरी येऊन आईला सांगितलं.

"बिघाड कसला? मीच बंद केलं. दोनदा सांगितलं, वाजवणार नाही, शब्द दिलाय. तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा नमस्कार केला आणि बंद केलं."

मला म्हणे खोटं जमत नाही. आज लगेच जमलं. म्हटलं, "दोन ओळींचा तर प्रश्न आहे, आई. यंत्राला काय कळतंय? तुझी तीन वर्षं आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं. "एवढं खपून धडधाकट केलंस, आणि आता त्याच्यावर आळ घालतेस?"

बोलणं संपलं. ती पुस्तक घेऊन बसली, भिंगातून अक्षरं जांभळाएवढी करून वाचत.

उद्या : विभागाला पत्र — २६ तारखेला आमच्या संगणकात कोणताही बिघाड नव्हता.